वर्णाचा अहंकार : सत्याचा आग्रह आणि सब्रची शिकवण

सुरह अल्-अस्र ही पवित्र कुरआनातील अत्यंत लहान सुरहंपैकी एक आहे. तिच्या आयती अवघ्या तीन. आपल्या घरातील लहान मुलांनाही ती तोंडपाठ असते आणि नमाजमध्ये आपण तिचे वारंवार पठण करतो. माणूस तोट्यात आहे असे सांगून ही सुरह त्या तोट्यातून वाचणाऱ्यांची चार लक्षणे सांगते : ईमान, सत्कर्म, परस्परांना सत्याचा (हक) उपदेश आणि परस्परांना संयमाचा (सब्र) उपदेश.

शेवटची दोन लक्षणे एकमेकांना जोडून आली आहेत, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. सत्य सांगणारा माणूस लवकर त्रासतो, कारण समाज त्याला हव्या त्या वेगाने बदलत नाही. दुसरीकडे, संयमी म्हणवणारा माणूस हळूहळू गप्प बसू लागतो आणि त्या गप्प बसण्यालाच सब्र समजू लागतो. सत्याला संयमाची साथ नसेल तर त्याचे रूपांतर चिडीत होते आणि संयमाला सत्याचा आधार नसेल तर तो भित्रेपणा ठरतो. म्हणूनच दोन्ही गोष्टींचा उपदेश एकत्र करण्यात आला आहे.

वाचक बंधु-भगिनींनो, या लेखात आपण हीच शिकवण एका विशिष्ट रोगाला लावून पाहणार आहोत. तो रोग म्हणजे त्वचेच्या रंगावरून, वंशावरून किंवा जन्मावरून दुसऱ्याला कमी लेखणे. हा रोग आपल्या समाजात नाही असे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. तो आपल्या घरात नाही असे मात्र आपल्यापैकी किती जणांना प्रामाणिकपणे सांगता येईल?

रोगाचे मूळ

हा रोग मानवाच्या इतिहासापेक्षाही जुना आहे. सुरह अल्-आराफच्या बाराव्या आयतीत इब्लिसचा युक्तिवाद आला आहे. आदम (अलै.) यांच्यापुढे तो का झुकला नाही, असे विचारले असता त्याने स्वतःच्या कर्माचा दाखला दिला नाही. आपण अग्नीपासून निर्माण झालो आणि आदम मातीपासून, म्हणून आपण श्रेष्ठ, एवढेच त्याचे म्हणणे होते. जन्माच्या घटकद्रव्यावरून श्रेष्ठत्व ठरवणारा हा पहिला युक्तिवाद, आणि तो करणारा अल्लाहच्या दरबारातून हाकलला गेला. गोरा काळ्याला किंवा उच्चकुलीन सामान्याला हीन समजतो, तेव्हा त्याच्या तोंडून तोच जुना युक्तिवाद बाहेर पडत असतो.

याच्या उलट, सुरह अर-रूमच्या बाविसाव्या आयतीत आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीसोबतच माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वैविध्य अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक म्हणून सांगितले आहे. जी गोष्ट निर्मात्याने आपली ओळख पटावी म्हणून निर्माण केली, तिची थट्टा करणे ही निर्मितीची नव्हे तर निर्मात्याची अवहेलना होय. सुरह अल्-हुजुरातच्या तेराव्या आयतीने तर निकालच दिला आहे. सर्व मानव एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून निर्माण झाले, वंश आणि टोळ्या या परस्पर परिचयासाठी आहेत आणि अल्लाहपाशी अधिक प्रतिष्ठित तोच, ज्याच्यात अधिक ईशभय (तक्वा) आहे. हिजरी सन 10 मध्ये हजच्या प्रसंगी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हीच घोषणा हजारोंच्या समुदायापुढे केली. अरबाला अरबेतरावर, अरबेतराला अरबावर, गोऱ्याला काळ्यावर किंवा काळ्याला गोऱ्यावर कसलेही श्रेष्ठत्व नाही, श्रेष्ठत्व केवळ तक्व्याचे, हा त्या उपदेशाचा आशय मुसनद अहमदमध्ये नोंदलेला आहे.

तत्त्व इतके स्पष्ट आहे. मग अडचण कोठे आहे? तत्त्व जिभेवर येणे सोपे असते, ते सवयीत उतरायला वेळ लागतो. प्रेषित (सल्ल.) यांना हे पूर्णपणे ठाऊक होते. कुळाचा अभिमान बाळगणे आणि दुसऱ्याच्या वंशाला नावे ठेवणे या अज्ञानकाळातील (जाहिलियतच्या) गोष्टी आपल्या उम्मतमध्ये रेंगाळत राहतील, असे त्यांनी सांगून ठेवले होते. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. रोग चिवट आहे हे सांगण्यामागे आपण निराश व्हावे असा हेतू नव्हता. उपचार मध्येच सोडू नयेत म्हणून ती सूचना होती.

शब्द उच्चारला गेला तेव्हा

आता प्रत्यक्ष उपचार कसा झाला ते पाहू. हजरत अबू जर गिफारी (रजि.) हे अगदी सुरुवातीच्या काळात इस्लाम स्वीकारणाऱ्यांपैकी होते. त्यांच्या सत्यनिष्ठेविषयी आणि साध्या राहणीविषयी कोणालाही शंका नव्हती. एकदा कोणाशी तरी वाद झाला असता त्यांनी त्या व्यक्तीला तिच्या आईवरून हिणवले. सहीह बुखारीतील हदीसमध्ये त्या व्यक्तीचे नाव नाही. काही वर्णनांनुसार ती व्यक्ती म्हणजे हजरत बिलाल (रजि.) आणि हिणवणे होते ते आई काळी असल्याबद्दल. गोष्ट प्रेषित (सल्ल.) यांच्या कानावर गेली. त्यांनी अबू जर (रजि.) यांना बोलावून, आईवरून हिणवलेस काय, असे विचारले आणि तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे, असे सरळ सुनावले. या वयातही का, असे अबू जर (रजि.) यांनी विचारले. उत्तर मिळाले, होय.

या प्रसंगातील काही बारकावे ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, बोलणारा कितीही मोठा असला तरी शब्द तसाच सोडून दिला गेला नाही. त्यांनी इस्लामसाठी एवढे कष्ट उपसले आहेत, रागाच्या भरात निघून गेले असेल, असे म्हणून पांघरूण घातले गेले नाही. दुसरा बारकावा म्हणजे दोषाला त्याच्या खऱ्या नावाने संबोधण्यात आले. विनोद, चूक किंवा गैरसमज असे सौम्य नाव न देता त्याला जाहिलियत म्हटले गेले. तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. अबू जर (रजि.) यांना जाहिल ठरवून दूर लोटण्यात आले नाही. दोष त्यांच्यात आहे असे सांगितले, ते स्वतःच दोष आहेत असे नाही. त्याच बोलण्यात पुढे मार्ग दाखवला गेला. तुमच्या हाताखाली असलेले लोक तुमचे भाऊ आहेत, आपण जे खातो तेच त्यांना खाऊ घालावे, आपण जे नेसतो तेच त्यांना नेसवावे आणि त्यांच्यावर आवाक्याबाहेरचे काम लादू नये, असा तो आदेश होता.

या उपदेशाचे फळ केव्हा दिसले? ही हदीस सांगणारे मारूर नावाचे गृहस्थ अबू जर (रजि.) यांना रबजा या ठिकाणी भेटले, ते पुष्कळ वर्षांनंतर. अबू जर (रजि.) यांच्या अंगावर जसे वस्त्र होते तसेच त्यांच्या सेवकाच्या अंगावरही होते. मारूर यांना आश्चर्य वाटले आणि त्यांनी कारण विचारले. त्यावर अबू जर (रजि.) यांनी हा सारा प्रसंग स्वतः कथन केला. प्रेषित (सल्ल.) यांच्या त्या दोन वाक्यांना मोजके क्षण लागले असतील, पण त्यांतून घडलेली सवय आयुष्यभर टिकली. पश्चात्ताप तोंडी क्षमायाचनेवर थांबला नाही, तो रोजच्या वस्त्रात आणि रोजच्या ताटात उतरला.

न उच्चारलेला अपमान

अपमान नेहमी शब्दांनीच होतो असे नाही. मदिनेतील मशिदीत झाडलोट करणारी एक काळी स्त्री होती. काही वर्णनांत तिचे नाव उम्मे मिहजन असे आले आहे. ती काही दिवस दिसली नाही म्हणून प्रेषित (सल्ल.) यांनी चौकशी केली, तेव्हा ती मरण पावल्याचे कळले. सहाबांनी तिचे दफन करून टाकले होते. मला का कळवले नाही, असे प्रेषित (सल्ल.) यांनी विचारले. हदीस सांगणारे नमूद करतात की, लोकांना जणू तिची बाब क्षुल्लक वाटली होती. प्रेषित (सल्ल.) यांनी तिची कबर दाखवायला सांगितले आणि तेथे जाऊन तिच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

येथे कोणी कोणाला शिवी दिली नव्हती. तिच्याशी कोणाचे वैर नव्हते, दफनविधीही पार पडला होता. चूक एवढीच की, तिचा मृत्यू प्रेषितांना कळवण्याइतका महत्त्वाचा वाटला नाही. असंवेदनशीलता बहुतेक वेळा अशीच असते. तिच्यामागे द्वेष असतोच असे नाही, पण कोणाची दखल घ्यायची आणि कोणाची नाही याचा हिशेब मनात न बोलता चाललेला असतो. प्रेषित (सल्ल.) यांनी त्यावर लांब भाषण केले नाही. त्यांनी प्रश्न विचारला आणि उठून कबरीकडे गेले. जिला गौण मानले गेले होते तिच्यासाठी स्वतः चालत जाणे हेच उत्तर होते.

वाचकहो, आपल्या मशिदीत झाडलोट करणारा, वजूखान्याची स्वच्छता ठेवणारा माणूस आठवडाभर दिसला नाही तर त्याची चौकशी कोण करतो? त्याचे पूर्ण नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

सब्र म्हणजे काय?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मक्केत छळ शिगेला पोहोचला असताना हजरत खब्बाब बिन अरत (रजि.) प्रेषित (सल्ल.) यांच्याकडे आले. खब्बाब (रजि.) लोहारकाम करणारे, गुलामगिरीत दिवस काढलेले गृहस्थ होते. प्रेषित (सल्ल.) काबागृहाच्या सावलीत चादर उशाशी घेऊन पहुडले होते. आमच्यासाठी मदतीची प्रार्थना आपण करणार नाही का, असे खब्बाब (रजि.) यांनी कळवळून विचारले. प्रेषित (सल्ल.) यांनी पूर्वीच्या श्रद्धावंतांनी सोसलेल्या यातना सांगितल्या आणि असा दिवस येईल की एखादा स्वार सनआपासून हजरमौतपर्यंत अल्लाहशिवाय कोणाचेही भय न बाळगता प्रवास करील, असे आश्वासन दिले. तुम्ही मात्र घाई करता, असेही ते म्हणाले. ही हदीस बुखारीत आहे.

हा संयमाचा उपदेश कोण कोणाला करीत होते, हे विसरता कामा नये. सांगणारा स्वतः त्याच गावात, त्याच लोकांचे दगड आणि टोमणे सोसत होता. सुरक्षित जागी बसून छळल्या जाणाऱ्याला थांबायला सांगणारा तो नव्हता. आज आपण एखाद्या दुखावलेल्या माणसाला सहज म्हणतो, जाऊ दे, सब्र कर, लोक असेच असतात. असे म्हणण्यापूर्वी त्या दुःखात आपला वाटा किती आहे, हे स्वतःला विचारावे. हजरत बिलाल (रजि.) यांना उमय्या बिन खलफ तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवीत असे, तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) केवळ धीराचे चार शब्द सांगून परतले नाहीत. त्यांनी किंमत मोजली आणि बिलाल (रजि.) यांना मुक्त केले. ज्याच्या हातात उपाय आहे त्याने तो करावा. उपाय हातात असूनही केवळ संयमाचा उपदेश करणारा आपले कर्तव्य दुसऱ्याच्या खांद्यावर टाकत असतो.

ज्याचा अपमान झाला त्याने मूक राहावे, अशीही कुरआनची शिकवण नाही. सुरह अन्-निसाच्या 148 व्या आयतीनुसार वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला आवडत नाही, परंतु ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला यातून सूट आहे. सुरह अश्-शूराच्या 41 ते 43 या आयतींत आधी अन्यायग्रस्ताला दाद मागण्याचा अधिकार दिला आहे आणि मग संयम व क्षमा ही मोठ्या निर्धाराची कामे असल्याचे सांगितले आहे. क्रम लक्षात घ्या. अधिकार आधी, क्षमा नंतर. ज्याला बोलण्याचा अधिकारच नाही त्याचे गप्प राहणे म्हणजे क्षमा नव्हे. आणि क्षमा करायची की नाही हे ज्याला दुखावले गेले तो ठरवील, ज्याने दुखावले तो नव्हे.

काबागृहाच्या छतावरील अजान

मग समाज हळूहळू बदलतो तेव्हा सब्र नेमका कशाबाबत करायचा? याचे उत्तर मक्का विजयाच्या दिवशी मिळते. हिजरी सन 8 मध्ये, म्हणजे इसवी सन 630 मध्ये, प्रेषित (सल्ल.) मक्केत विजयी होऊन आले आणि त्यांनी हजरत बिलाल (रजि.) यांना काबागृहाच्या छतावर चढून अजान देण्यास सांगितले. ज्या शहरात त्यांना गुलाम म्हणून फरफटवले गेले होते त्याच शहराच्या सर्वांत पवित्र वास्तूवरून त्यांचा आवाज घुमला. प्रेषितत्वाच्या आरंभापासून या क्षणापर्यंत सुमारे वीस वर्षे गेली होती.

आणि या क्षणीसुद्धा सर्वांची मने बदलली नव्हती. कुरआनच्या भाष्यग्रंथांत असे येते की, मक्केतील काही प्रतिष्ठितांनी ते दृश्य पाहून बिलाल (रजि.) यांच्या वर्णाविषयी कुत्सित उद्गार काढले. हारिस बिन हिशाम आणि अत्ताब बिन असीद यांची नावे या संदर्भात घेतली जातात, आणि सुरह अल्-हुजुरातची तेरावी आयत याच प्रसंगी अवतरल्याचे काही भाष्यकार सांगतात. प्रेषित (सल्ल.) यांनी या लोकांना शासन केले नाही. दोघांनीही इस्लाम स्वीकारला. अत्ताब (रजि.) यांना प्रेषितांनी मक्केचे प्रशासक नेमले, तर हारिस (रजि.) पुढे शामच्या भूमीवर इस्लामसाठी गेले आणि तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

बंधु-भगिनींनो, या प्रसंगातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रेषित (सल्ल.) यांनी माणसांना बदलण्यासाठी अवधी दिला, परंतु त्यांची मर्जी राखण्यासाठी बिलाल (रजि.) यांना छतावरून खाली उतरवले नाही. लोकांची मने तयार होईपर्यंत एखादा कुरैशी मुअज्जिन नेमू, असा विचार केला गेला नाही. सब्र माणसांच्या बाबतीत होता, तत्त्वाच्या बाबतीत नव्हता.

हीच गोष्ट हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांच्या बाबतीत पुन्हा घडली. त्यांचे वडील मुक्त केलेले गुलाम, तर आई हबशी वंशाच्या उम्मे ऐमन (रजि.). हिजरी सन 11 मध्ये प्रेषित (सल्ल.) यांनी या तरुणाला सेनापती नेमले, तेव्हा काहींनी कुजबुज केली. तुम्ही याच्या वडिलांच्या नेतृत्वावरही असाच आक्षेप घेतला होता, असे सांगून प्रेषितांनी दोघेही त्या पदास पात्र असल्याचे जाहीर केले. म्हणजे आक्षेप जुनाच होता, पुन्हा डोके वर काढत होता, आणि त्याला पुन्हा उत्तर द्यावे लागत होते. प्रेषितांच्या निधनानंतर खलीफा अबू बकर (रजि.) यांना सेनापती बदलण्याचा सल्ला देण्यात आला. त्यांनी तो नाकारला. सैन्याला निरोप देताना उसामा (रजि.) घोड्यावर आणि वयोवृद्ध खलीफा त्यांच्या बाजूने पायी चालत होते.

आपल्या भूमीचा इतिहास

आपल्याकडे दक्खनी आणि मराठी बोलण्यात काळ्या माणसाला हिणवण्यासाठी हबशी हा शब्द सर्रास वापरला जातो. हबशी म्हणजे हबशाचा, अर्थात आजच्या इथिओपियाच्या प्रदेशाचा रहिवासी. इसवी सन 615 च्या सुमारास मक्केतील मुसलमानांना जगणे अशक्य झाले, तेव्हा ज्या देशाने त्यांना आश्रय दिला तो हाच हबशा. तेथील राजा नजाशी याने त्यांना कुरैशांच्या हवाली करण्यास नकार दिला. पुढे त्याच्या मृत्यूची वार्ता कळताच प्रेषित (सल्ल.) यांनी मदिनेत त्याच्यासाठी जनाजाची नमाज पढली. ज्या भूमीने इस्लामच्या पहिल्या निर्वासितांना छत्र दिले तिचे नाव आपण शिवी म्हणून वापरावे, याहून मोठी कृतघ्नता कोणती?

महाराष्ट्राचा इतिहासही याला जोडलेला आहे. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणी गुलाम म्हणून त्याची विक्री झाली आणि हातोहात विकला जात तो दख्खनेत पोहोचला. 1610 मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. तेथील नहरे अंबरी ही पाणीपुरवठ्याची योजना त्याच्याच दूरदृष्टीचे फळ. त्याच्या सैन्याने मोगलांना वर्षानुवर्षे थोपवून धरले. बादशहा जहांगीर मात्र आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख त्याच्या काळ्या वर्णाला हिणवणारी विशेषणे लावून करतो. दोघेही एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणारे होते. 1626 मध्ये मलिक अंबर मरण पावल्यावर जहांगीरच्याच दरबारातील इतिहासकार मुतमद खान याने त्याच्या युद्धकौशल्याची आणि राज्यकारभाराची मोकळेपणाने स्तुती लिहून ठेवली. मलिक अंबर जिवंत असताना बादशहाच्या तोंडून निघाली नाही ती स्तुती त्याच्या मृत्यूनंतर शत्रूच्या दरबारात लिहिली गेली. आपण एवढी वाट पाहायची आहे का?

येथे एक कटू सत्य मान्य करावे लागेल. मलिक अंबरसारख्या मुलांची खरेदी-विक्री करणाऱ्यांत मुसलमान व्यापारीही होते. कुरआनने गुलाम मुक्त करण्याला मोठे पुण्यकर्म ठरवले. शपथ मोडणे, चुकून झालेली हत्या अशा बाबींचे प्रायश्चित्त म्हणून गुलाम मुक्त करण्याची तरतूद केली. जकातीचा एक वाटाच त्यासाठी राखून ठेवला. मुक्तीचे दरवाजे अशा रीतीने एकामागून एक उघडले गेले. तरीही सौदी अरबस्तानात गुलामगिरी कायद्याने बंद होण्यास 1962 साल उजाडावे लागले आणि मॉरिटानियात 1981. या विलंबाला सब्र म्हणता येणार नाही. दरवाजे उघडे होते, त्यांतून चालत जाण्याचा आळस आपल्या पूर्वजांनी केला. प्रगतीचा मंद वेग सहन करणे आणि वेग मंदच राहावा यासाठी सबबी शोधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आपल्या घरात काय करावे?

सुधारणेची सुरुवात जिभेपासून करावी. सुरह अल्-हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट टोपणनावे ठेवण्यास मनाई आहे, आणि तेथे पुरुषांना व स्त्रियांना वेगवेगळे संबोधून बजावले आहे. घरातील सावळ्या मुलाला काळ्या, काळू अशी हाक मारण्याची पद्धत प्रेमाची म्हणून खपवली जाते. ज्याला ती हाक मारली जाते त्याला ती प्रेमाची वाटते की नाही, हे कोणी विचारीत नाही.

दुसरी कसोटी लग्नाची. मुलगी पाहायला जाताना दीन, स्वभाव आणि शिक्षण यांच्या आधी रंगाची चौकशी होते. मुलीच्या समोर तिच्या वर्णाविषयी कुजबुज होते आणि ती मुलगी पाण्याचा पेला पुढे करीत ते सारे ऐकत असते. स्त्रीशी विवाह संपत्ती, घराणे, सौंदर्य आणि दीन या चार कारणांनी केला जातो, त्यांपैकी दीनाला प्राधान्य द्यावे, ही हदीस निकाहच्या प्रवचनांत आपण ऐकतो. ती स्थळ पाहण्याच्या दिवशी आठवायला हवी.

तिसरी कसोटी परक्याशी वागण्याची. पुण्यासारख्या शहरात आफ्रिकी देशांतून विद्यार्थी येतात आणि त्यांतील अनेक जण मुसलमान असतात. जुम्याच्या नमाजमध्ये आपण त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतो. मशिदीच्या पायऱ्या उतरल्यावर तोच विद्यार्थी भाड्याने खोली शोधत आला तर आपले उत्तर काय असते? नमाजच्या रांगेतील समता रस्त्यावर येईपर्यंत टिकत नसेल तर त्या रांगेने आपल्याला काय शिकवले?

आता, हिणवणारा शब्द घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून आला तर तरुणांनी काय करावे? अदब राखावी, पण गप्प राहू नये. सुरह मरयममध्ये हजरत इब्राहीम (अलै.) मूर्तिपूजक पित्याशी बोलतात तेव्हा प्रत्येक वेळी अत्यंत प्रेमाने पित्याला साद घालतात आणि तरीही आपले म्हणणे किंचितही सौम्य करीत नाहीत. अब्बा, त्या माणसाचे नाव अमुक आहे, आपण त्याला नावाने हाक मारू या, एवढे वाक्यही पुष्कळ असते. दादीजान, या मुलीचा स्वभाव फार चांगला आहे, तिच्या रंगाची गोष्ट पुन्हा नको, असे हळू आवाजात सांगता येते. अपमान चारचौघांत झाला असेल तर त्याच वेळी एखादा शब्द बोलणे आवश्यक आहे, नाहीतर दुखावलेल्या माणसाला वाटते की सर्वांचेच तसे मत आहे. सविस्तर समजावणी मात्र एकांतात करावी, कारण चारचौघांत लाजवलेला माणूस चूक सुधारण्याऐवजी तिचे समर्थन करू लागतो.

एकदा सांगून फरक पडणार नाही. दादीजान पुढच्या ईदला पुन्हा तेच बोलतील, तेव्हा पुन्हा तितक्याच अदबीने सांगावे लागेल. येथे सब्र म्हणजे सांगणे थांबवणे नव्हे. दहाव्या वेळी सांगताना आवाजात पहिल्या वेळेइतकाच गोडवा ठेवणे म्हणजे सब्र. कदाचित दादीजान बदलणार नाहीत. पण कोपऱ्यात बसून ऐकणारी सात-आठ वर्षांची नात ते ऐकत असते, आणि या घरात अशा बोलण्याला उत्तर दिले जाते हे तिच्या मनावर ठसते. समाज पुष्कळदा असाच बदलतो. ज्याला सांगितले तो तसाच राहतो आणि ज्याने ऐकले तो बदललेला असतो.

कुटुंबात चर्चेसाठी

रात्रीच्या जेवणानंतर मुलांना सोबत घेऊन पुढील प्रश्नांवर विचार करावा. आपल्या घरात कोणाला रंगावरून किंवा रूपावरून टोपणनाव आहे काय, आणि ते त्याला आवडते काय? आपल्या मोहल्ल्यात कोणाच्या दुःखात आपण सर्वांत शेवटी पोहोचतो? गेल्या महिन्यात आपल्यासमोर कोणाला हिणवले गेले तेव्हा आपण काय केले? आणि हजरत अबू जर (रजि.) यांच्याप्रमाणे आपल्या रोजच्या जीवनात दिसून येईल असा कोणता एक बदल आपण आजपासून करू शकतो?

हे अल्लाह, आमच्या अंतःकरणात दडलेली जाहिलियत आम्हाला दाखव आणि ती दूर करण्याचे सामर्थ्य दे. ज्यांना आमच्या शब्दांनी किंवा आमच्या मौनाने दुखावले, त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागण्याचे धैर्य दे. सत्य सांगताना आमच्या वाणीत कोमलता दे आणि बदलाला वेळ लागला तरी आमची पावले डगमगू देऊ नकोस. आमीन.